ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट

'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) यांचे जमिनीच्या सुपीकतेविषयीचे इंग्रजी पुस्तक होय. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते १९४० साली प्रसिद्ध केले. सेंद्रिय शेती व सेंद्रिय बागकाम या विषयांवरील आद्य ग्रंथांत त्याची गणना होते. पाठ्यपुस्तकांत 'इंदूर पद्धत' या नावाने येणाऱ्या कंपोस्ट खताच्या कृतीचे सविस्तर विवेचन त्यात आहे.

पार्श्वभूमी

हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. तेथे त्यांनी पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांच्यासह गव्हाच्या सुधारित जाती तयार केल्या. गॅब्रिएल या स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि १९१३ पासून शासकीय सेवेत स्वतंत्र पदावर होत्या. तरीही या कार्याचे श्रेय पुढे बहुधा एकट्या अल्बर्ट यांच्याच नावावर जमा झाले. गॅब्रिएल यांचे १९३० मध्ये निधन झाले. प्रस्तुत पुस्तक त्यांच्याच स्मृतीस अर्पण केलेले आहे.

१९२४ मध्ये होळकर संस्थानाच्या राजधानीत, इंदूर येथे, 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था सुरू झाली व हॉवर्ड तिचे संचालक झाले. कापूस हे तेथील संशोधनाचे मुख्य पीक होते. तेथील रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांच्यासह हॉवर्ड यांनी 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. इंदूर पद्धतीची पहिली पूर्ण मांडणी या संयुक्त पुस्तकात आहे. त्यामुळे या पद्धतीचा उल्लेख करताना वाड यांचे नाव गाळणे अन्यायाचे ठरते.

आशय

पुस्तकाचा प्रारंभ अरण्याच्या वर्णनाने होतो. अरण्यात एकच एक वनस्पती वाढत नाही, भूमी उघडी राहत नाही, प्राणी व वनस्पती एकत्र नांदतात आणि गळलेले प्रत्येक पान मातीत परत जाते. शेतीनेही हाच क्रम पाळावा, जमिनीतून जे घेतले ते तिला परत द्यावे, हा हॉवर्ड यांचा 'परतीचा नियम' होय. भारतीय शेतकऱ्याला ते आपला गुरू मानतात; पिकांवरील किडींनाही ते हाच मान देतात, कारण मशागतीत काय चुकले हे कीड दाखवून देते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्यापासून चालत आलेल्या, केवळ नत्र, स्फुरद व पालाश यांचा हिशेब मांडणाऱ्या दृष्टीवर त्यांनी कठोर टीका केली आहे.

इंदूर पद्धत

शेतातील काडीकचरा, पालापाचोळा, शेण, जनावरांचे मूत्र मुरलेली गोठ्यातील माती आणि लाकडाची राख एवढेच साहित्य या पद्धतीस लागते. आकारमानाने वनस्पतिजन्य द्रव्य तीन भाग व प्राणिजन्य द्रव्य एक भाग असे प्रमाण सांगितले आहे. कापसाच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत आणि मग गोठ्यात जनावरांखाली अंथरत. यंत्राविना साधलेला हा उपाय पुस्तकातील उत्तम व्यावहारिक भागांपैकी एक आहे.

हे सर्व सुमारे ३० फूट लांब व १४ फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात थरांनी भरतात. हवा खेळावी म्हणून पहारीने उभी छिद्रे पाडतात आणि ठरावीक अंतराने ढीग उलथतात. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. उकिरडा आणि कंपोस्ट यांतील भेद येथेच आहे: उकिरड्यावर कचरा नुसता साचतो, तर खड्ड्यात पाणी व हवा यांचा मेळ राखावा लागतो. घरगुती बागेतही हेच लागू पडते. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात सुका पाला पुरेसा न मिसळल्यास हवा कोंडते व दुर्गंधी सुटते.

आक्षेप

सुपीक जमिनीतील पिके, आणि ती खाणारी जनावरे व माणसे, रोगांना बळी पडत नाहीत, असा हॉवर्ड यांचा दावा होता. पुसा येथील आपले बैल लाळ-खुरकूत झालेल्या जनावरांच्या निकट येऊनही निरोगी राहिले, असे त्यांनी नोंदवले आहे. मात्र असे अनुभव म्हणजे नियंत्रित प्रयोग नव्हेत. छोट्या वाफ्यांवरील तुलनात्मक चाचण्या व संख्याशास्त्र यांविषयी त्यांना अनादर होता. त्यामुळे पुस्तकाचा हा भाग खतनिर्मितीच्या प्रकरणांइतका भक्कम पायावर उभा नाही. वाचकाने हे दोन भाग वेगळे ठेवूनच वाचावेत.

प्रभाव

इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फर यांनी 'द लिव्हिंग सॉइल' (१९४३) या पुस्तकात हॉवर्ड यांचे विचार पुढे नेले. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेती व बागकामास वाहिलेले मासिक सुरू केले. भारतात इंदूर पद्धतीच्या जोडीने 'बंगलोर पद्धत' प्रचारात आली. तीत ढीग न उलथता चिखलाने लिंपून ठेवतात. महाराष्ट्रात पुसद येथील नारायण पांढरीपांडे यांनी विटांच्या सच्छिद्र टाक्यात, थोड्या शेणात अधिक काडीकचरा कुजवण्याची रीत रूढ केली. त्यांच्या नावावरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. तीत खड्डा खणावा लागत नाही व ढीगही उलथावा लागत नाही. मात्र खत तयार होण्यास इंदूर पद्धतीपेक्षा अधिक काळ लागतो.