जुन्या बंदुकीचा गंज : पैसे मोजण्यापूर्वी

वर्धा जिल्ह्यातील जुन्या मालगुजारी घराण्यांत एखादी ठासणीची बंदूक वडिलोपार्जित ठेव म्हणून जपलेली आढळते. नळीवर तांबूस थर दिसला की ती चकचकीत करून घेण्याचा मोह होतो. मात्र अशा शस्त्राचे मोल त्याच्या मूळ पृष्ठभागात असते. तो एकदा घासला गेला की कितीही पैसे खर्चून परत मिळत नाही.

परवाना आणि सुरक्षितता

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार दुरुस्ती करूनही वापरता न येणाऱ्या जुन्या शस्त्रांना सूट आहे. दुरुस्तीनंतर चालू शकणाऱ्या बंदुकीला, ती कितीही जुनी असली तरी, ही सूट नाही. शंका असल्यास जिल्हा दंडाधिकारी कार्यालयात विचारणा करावी. शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो; म्हणून बंदूक परवानाधारक कारागिराकडेच द्यावी. ठासणीच्या बंदुकीत जुनी दारू व गोळी राहिलेली असू शकते आणि कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेते. नळी रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडूनच करून घ्यावी.

गंज की झिलई?

प्रत्येक तपकिरी रंग म्हणजे गंज नव्हे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कारागीर नळीवर मुद्दाम नियंत्रित गंज चढवून तपकिरी झिलई देत. ती गुळगुळीत व एकसारखी असते. घातक गंज नारिंगी, भुसभुशीत असतो. बोटाला लागतो आणि खाली खड्डे पाडतो. लोखंड व पोलाद एकत्र पिळून केलेल्या नळ्यांवरील नक्षी अशाच झिलईमुळे उठून दिसते. पॉलिश केल्यास ती नाहीशी होते. सोन्या-चांदीचे कोफ्तगरी काम आणि नळीवरील चाचणीचे शिक्केही घासण्याने पुसट होतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या अनेक बंदुकांवर घोड्याशेजारच्या पट्टीवर मुगुट धरलेला सिंह असतो. वस्तू ओळखण्याची खूण तीच.

पैसे कशाचे?

चांगल्या कामात खर्च वेळेचा असतो. पातळ तेल लावून, लोखंडाहून मऊ अशा ब्राँझच्या तारेच्या लोकरीने किंवा भिंगाखाली धारदार पात्याने फक्त सैल गंज काढला जातो. आम्ल किंवा सँडब्लास्टिंगचे काम झटपट व स्वस्त होते, पण त्यात अक्षरे आणि कडा झिजतात. नवी निळी झिलई चढविण्यासाठी वापरले जाणारे उकळते क्षारद्रावण दुनळी बंदुकीच्या नळ्या जोडणारे मऊ डाखकामही कमजोर करते.

दर ठरविण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्यावे. त्यात आधीची छायाचित्रे, कोणता भाग हात न लावता ठेवणार, कोणती द्रव्ये वापरणार आणि नंतर कोणता संरक्षक लेप देणार याची नोंद असावी. आधी एका कोपऱ्यातील लहानशा जागेवर चाचणी करून दाखविण्यास सांगावे. ‘नव्यासारखी करून देतो’ असे आश्वासन देणाऱ्याकडे वस्तू सोपवू नये. शंभर वर्षांहून जुनी शस्त्रे पुरावस्तू ठरू शकतात आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीस पुरावस्तू परदेशी पाठविता येत नाही.

नंतरची निगा

हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६५ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड वेगाने गंजते. त्यामुळे विदर्भातील पावसाळा हाच खरा शत्रू. चामड्याच्या म्यानात किंवा ओलसर भिंतीवर बंदूक ठेवू नये. हाताच्या घामातील मीठही गंज वाढविते. म्हणून सुती हातमोजे वापरावेत व सूक्ष्मस्फटिक मेणाचा पातळ थर द्यावा. जपलेला जुना पृष्ठभाग कसा दिसतो, हे नागपूरच्या १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयातील शस्त्रदालनात पाहून यावे आणि मगच कारागिराशी बोलावे.