व्याघ्र भुंगेरे, किनारी
कोलिऑप्टेरा गणाच्या सिसिंडेलिडी कुलातील शिकारी कीटक. हायपीथा क्वाड्रिलिनिएटा ही जाती भारत व श्रीलंकेच्या समुद्रकाठच्या वाळूत आढळते. कॅलोमेरा अँग्युलाटा नदीकाठ धरून राहते. भुंगेरा इतक्या वेगात धावतो की त्याला भक्ष्यच दिसेनासे होते; मग तो थबकतो, पुन्हा हेरतो आणि झडप घालतो. अळीची तऱ्हा निराळी. उभ्या बिळाच्या तोंडाशी डोके टेकवून ती दबा धरते व जवळून जाणारी मुंगी आत ओढते. पाठीवरच्या आकड्यांमुळे ती स्वतः मात्र सहजी उपटली जात नाही. ब्राझीलमधील पूर्व क्रिटेशस खडकांत या भुंगेऱ्यांचा जीवाश्म सापडला आहे. भारतीय जातींसाठी फाउलर यांचा १९१२ चा ग्रंथ अजूनही उघडावा लागतो. पिअर्सन व घोरपडे यांनी १९८९ मध्ये उपखंडातील त्यांच्या प्रसाराची मांडणी केली. वाळूउपशात अळ्या बिळांसकट जातात.