आई 'डिपेंडंट' कुणाची? डच करकायद्याची जुनी गोष्ट



मार्च-एप्रिल आला, डच टॅक्स रिटर्न भरायची वेळ झाली की आपल्यापैकी कोणीतरी हमखास विचारतो, "मी दर महिन्याला घरी आईवडिलांना पैसे पाठवतो. त्यांना डिपेंडंट दाखवता येईल का?" उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण ते कायमच 'नाही' नव्हतं, आणि त्यामागची गोष्ट मला उत्तरापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

स्लोटरडाइक स्टेशनातून बाहेर पडलं की ओर्लीप्लाइन लागतो. आसपास नारितावेख, ला गार्डियावेख, किंग्सफर्डवेख. पॅरिस, टोकियो, न्यूयॉर्क, सिडनी, सगळी विमानतळांची नावं! (आपल्या सहारचा नंबर काही लागलेला मला दिसला नाही.) यातल्या किंग्सफर्डवेखवर बेलास्टिंगडीन्स्टचं, म्हणजे आयकर खात्याचं, मोठं ऑफिस आहे. परदेशातल्या नातेवाइकांचा विषय काढायला याहून चांगला पत्ता मिळायचा नाही.

तर १९६४ च्या डच आयकर कायद्यात 'बाउटेनखेवोने लास्टेन' म्हणजे 'असाधारण खर्च' असा एक भाग होता. त्यात आजारपणाच्या खर्चाबरोबर जवळच्या नातेवाइकांच्या उदरनिर्वाहाचा खर्चही बसत असे. नातेवाईक म्हणजे आईवडील, आजीआजोबा, मुलं, सासूसासरे, आणि भाऊबहीणसुद्धा. अट अशी की, हा खर्च करणं आपल्याला भाग आहे असं त्या माणसाला 'वाजवीपणे' वाटलेलं असलं पाहिजे. कायद्याच्या पुस्तकात 'वाटणं' हा शब्द क्वचितच सापडतो. आपल्याकडे ज्याला 'करावंच लागतं हो' म्हणतात, तेच या लोकांनी कलमात लिहून ठेवलं होतं.

मग ते गेलं का? इथे थोडं मागे जावं लागेल. १९१२ च्या डच गरीब-कायद्यात गरजूला आधी घरच्यांनी पाहायचं, मग चर्चने, आणि कोणीच नसेल तर नगरपालिकेने, असा क्रम होता. १९४७ मध्ये विलेम ड्रेस यांनी म्हाताऱ्यांसाठी तात्पुरता पेन्शन कायदा आणला. १९५७ पासून एओडब्ल्यू, म्हणजे सगळ्यांना म्हातारपणची पेन्शन, लागू झाली. १९६५ मध्ये गरीब-कायदा रद्द होऊन सरकारी मदत हा हक्क झाला. म्हणजे डच मुलाने आईला दर महिन्याला पैसे पाठवायची गरजच हळूहळू संपली. (इथले लोक आईवडिलांना विचारत नाहीत, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. विचारतात हो, पैशाचं तेवढं सरकार बघतं.)

पण त्याच काळात कामगार भरतीचे करार झाले, १९६४ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६९ मध्ये मोरोक्कोशी. १९७५ च्या आसपास सुरिनामहून हजारो लोक आले, त्यात आपले हिंदुस्तानीही आले. एओडब्ल्यू इथल्या वास्तव्याच्या दर वर्षाला २ टक्के अशी जमते. जी आई कधी इथे राहिलीच नाही, तिचं खातं शून्य. तिच्यासाठी ते जुनं कलम अजून जिवंत होतं.

१ जानेवारी २००१ ला नवा आयकर कायदा आला आणि त्यातून आईवडील, भाऊबहीण सगळे बाहेर पडले. राहिली फक्त ३० वर्षांखालची मुलं. ज्या मुलासाठी किंडरबाइस्लाख मिळत नाही, त्याचा खर्च दाखवता येई. मूल भारतात आजीकडे असलं तरी. २०१२ मध्ये ही मर्यादा २१ वर्षांवर आली आणि २०१५ पासून वजावट पूर्णच गेली. मला यात दुष्टपणा दिसत नाही, पण प्रत्येक आईला पेन्शन असतेच, असं गृहीत धरलेलं मात्र स्पष्ट दिसतं.

बाकीचे देश? अमेरिकेचं कौतुक फार ऐकू येतं, पण तिथे १९४४ पासूनच नियम आहे की परदेशी नागरिक असलेला डिपेंडंट अमेरिकेत किंवा शेजारच्या देशात, म्हणजे कॅनडा-मेक्सिकोत, राहणारा हवा. साताऱ्यातली आई तिथेही बसत नाही. ब्रिटनने अवलंबून असलेल्या नातेवाइकांची सवलत १९८८ मध्ये काढून टाकली. जर्मनीत मात्र ती आजही आहे. फक्त त्या देशाच्या राहणीमानाप्रमाणे मर्यादा पाऊण, निम्मी किंवा पाव होते. म्हणजे आपला मित्र ड्युसेलडॉर्फला असेल तर त्याची आई कायद्याला दिसते, आपली दिसत नाही. मध्ये अंतर फक्त दोन-सव्वादोन तासांचं!

आता भारताची बाजू. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोषण कायद्याने वृद्ध आईवडिलांना पोसणं मुलगा आणि मुलगी दोघांचं कर्तव्य ठरवलं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतंच. त्यावर कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८७ मध्ये निकाल लागला की लग्न झालं तरी मुलीची जबाबदारी सुटत नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा तर भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, असं त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलंय. म्हणजे एक सरकार म्हणतं, पाठवलेच पाहिजेत. दुसरं म्हणतं, पाठवा की, आम्हाला काय सांगता?

"३० टक्के रूलिंग आहे ना!" असं कोणी म्हणेल. ती सवलत परदेशात राहण्याच्या जादा खर्चासाठी आहे, आईच्या औषधांसाठी नाही. सरसकट रक्कम असल्यामुळे बिलं कोणी मागत नाही, आणि खरं बोलायचं तर आपल्यातल्या बऱ्याच जणांचे घरचे पैसे त्यातूनच निघतात. पण २०१९ पासून ती जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. पाच वर्षांनी आपला हातात येणारा पगार कमी होतो. आईवडिलांची औषधं मात्र तोवर वाढलेली असतात.

गंमत म्हणजे तो 'वाजवीपणे वाटण्या'चा एक नातलग अजून शिल्लक आहे, तोही देणगी-कराच्या कायद्यात. निकडीच्या नैतिक कर्तव्यापोटी दिलेले पैसे देणगी-करातून सुटतात. त्याने आयकर एक सेंटही कमी होत नाही, पण मोठी रक्कम पाठवणाऱ्यांनी सल्लागाराला जरूर विचारावं.

आणि ज्यांची जर्मनीला बदली होण्याची शक्यता आहे त्यांनी पैसे बँकेतूनच पाठवावेत. २०२५ पासून तिथे रोख दिलेले चालत नाहीत. शिवाय आईवडिलांच्या गावच्या अधिकाऱ्याचा शिक्का असलेला फॉर्म लागतो. तो मिळायला किती खेपा होतात ते तुम्हाला सांगायला नको, तेव्हा पुढच्या सुट्टीतच सुरुवात करा.