'पूनाह' म्हणजे नेमकं कुठलं?

युरोपातल्या जुन्या खनिजसंग्रहांत आपल्या सह्याद्रीचे दगड काचेच्या कपाटात जाऊन बसलेत. पांढरेशुभ्र, गुलाबीसर, हिरवे स्फटिक आणि खाली पिवळी पडलेली चिठ्ठी : 'पूनाह'. बस्स, एवढाच पत्ता. मी अशा जुन्या नमुन्यांच्या मागे असतो. नमुना परवडला नाही (बहुतेक वेळा नाहीच परवडत), तर चिठ्ठीचा फोटो तरी जमवतो. माझ्या लेखी अर्धी किंमत दगडाची आणि अर्धी चिठ्ठीची.

दगड आला कसा हे थोडक्यात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत मुरलेल्या गरम पाण्यातून स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, ॲपोफिलाइट असे स्फटिक वाढले. काळा कातळ फोडल्याशिवाय ते दिसत नाहीत. म्हणजे प्रत्येक स्फटिकामागे कुणाचा तरी घण आहे.

1831 साली एका इंग्रज खनिजतज्ज्ञाने, ब्रुकने, चक्क आपल्या शहरावरून 'पूनाहलाइट' असं नाव एका खनिजाला दिलं. पुढे ते स्वतंत्र खनिज नाही असं ठरलं आणि नाव बाद झालं. पण जुन्या चिठ्ठीवर हा शब्द दिसला की मी खूश होतो, कारण तो लिहिणारा एकोणिसाव्या शतकातला असण्याची शक्यता मोठी.

खरा खजिना बाहेर आला तो बोरघाटात. 1856 ते 1863, जीआयपी रेल्वेचं काम. 25 बोगदे, कातळ फोडून काढलेले चर, आणि ऐन कामात एका वेळी 40,000 हून जास्त मजूर. 1859 च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले, मोठा दंगा झाला. आधीच्या ठेकेदाराने काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको ॲलिस हिने ठेका चालवला. पटकीच्या साथीत माणसं पटापट गेली. याच कातळातले स्फटिक साहेबांच्या पेट्यांतून विलायतेला पोचले. चिठ्ठीवर देणाऱ्याचं नाव सापडतं. फोडणाऱ्याचं? मला आजवर एकाही चिठ्ठीवर सापडलेलं नाही.

(इंग्रजीत बोरघाटाचं स्पेलिंग 'भोर'सारखं करायचे. ते वाचून भोर गावाकडे वळलात तर गाडी चुकली. आपला घाट खंडाळ्याचा.)

चिठ्ठी खरी की खोटी हे कसं ओळखायचं? दगडावर रंगाने घातलेला आकडा संग्रहाच्या वहीतल्या आकड्याशी जुळतो का, ते आधी बघायचं. मग गावाच्या नावाचं स्पेलिंग. पूनाह, पूना, पुणे, प्रत्येकाचा आपापला काळ आहे. मग खनिजाचं नाव. वाघोलीचं निळंभोर कॅव्हॅन्साइट जगभर मिरवतं, पण या खनिजाला हे नावच इंग्रज गेल्यानंतर मिळालं, तेही अमेरिकेत ओरेगनमध्ये सापडलेल्या नमुन्यांवरून. तेव्हा कुणी 'आजोबांच्या काळची' इंग्रजांच्या जमान्यातली कॅव्हॅन्साइटची चिठ्ठी दाखवली, तर नमस्कार करून निघायचं.

आणि 'पूना' म्हणजे पुणंच असंही नाही. माल जिथून विकला गेला ते नाव लागायचं. नंतर जळगावचंही तेच झालं. खाण कुठली हे व्यापारी सांगत नाही, उद्या गिऱ्हाईक थेट तिथे पोचेल म्हणून. धंद्याच्या हिशोबाने त्याचं बरोबर आहे, पण इतिहासाचं वाटोळं होतं.

हे आत्ता लिहितोय, कारण खाणीच नाहीशा होतायत. पाषाणच्या टेकडीवरच्या खाणींतलं हिरवं ॲपोफिलाइट 1970 च्या दशकात गाजलं (गावाचं नावच पाषाण, बघा), आज तिथे शहर आहे. वाघोली 2021 साली पुणे महापालिकेत आली. खडी किती निघाली याचा हिशोब सरकारकडे ब्रासमध्ये असतो, कारण त्यावर रॉयल्टी आहे. पण कुठल्या गटातून कसला स्फटिक निघाला, याची रीतसर नोंद ठेवायला कुणी बांधील नाही. खाणपट्ट्याच्या कागदांत हा एक रकाना वाढवायला खर्च तो किती? आपल्या लोकप्रतिनिधींना हे जरूर विचारा.

तोवर आपल्या हातातलं काम. वडील-आजोबा खाणीवर, क्रशरवर, रेल्वेच्या कामावर होते आणि शोकेसमध्ये असा एखादा चमकता दगड पडून आहे, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. तो कुठल्या गावचा, कुठल्या खाणीतला, साधारण कोणत्या साली, आणि मुख्य म्हणजे कुणी फोडून काढला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. कागदावर लिहून दगडासोबत ठेवा. दगडावर छोटा आकडा घाला, तोच कागदावर. धुवायच्या भानगडीत पडू नका, जुना आकडा पुसला जातो. फोटो इथे टाकलात तर मी बघेन.