पथकर : वाट अडवणारा आणि वाट मोकळी करणारा



मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक या स्मृतिव्याख्यानात पथकरावर बोलणार, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी या विषयात शिरलो तो शब्दांच्या मागे लागून. 'जकात' हा मूळचा अरबी शब्द. इस्लाममध्ये तो धार्मिक कर्तव्य म्हणून द्यावयाच्या दानाचा वाचक आहे. आपल्या भाषेत येईतो त्यातले दान गळून गेले आणि केवळ देणे उरले. त्याच्याभोवती नाका, नाकेदार, हुंडेकरी असा शब्दांचा एक गोतावळाच जमला. या शब्दांचा माग काढता काढता एक प्रश्न माझ्या पुढ्यात उभा राहिला. ज्या करामुळे शतकानुशतके वाट अडली, तोच कर वाट मोकळी करण्याचे साधन कसा होऊ शकतो? आजच्या विवेचनाचा हाच विषय आहे.

प्रारंभ कौटिल्यापासून करणे योग्य होईल. अर्थशास्त्रात नगराच्या वेशीवरील शुल्क निराळे आणि सीमेवरील अंतपालाने घ्यावयाची 'वर्तनी' निराळी. वर्तनी म्हणजे वाटेचा कर. मालाच्या वाहनास सव्वा पण, एका खुराच्या जनावरास एक पण, गुरांस अर्धा, लहान जनावरांस पाव आणि खांद्यावरच्या ओझ्यास एक माष, असे दर तेथे दिले आहेत. पण माझ्या मते या दरांहून त्यांच्यापाठोपाठ येणारे कलम अधिक मोलाचे आहे. वाटेत जे हरवेल किंवा चोरीस जाईल त्याची भरपाई अंतपालाने करावी, असे ते कलम सांगते. कर घेणाऱ्यावर उलट जबाबदारीही आहे. हे कलम प्रत्यक्षात कितपत पाळले गेले हा प्रश्न वेगळा; ते लिहावेसे वाटले, हेच पुष्कळ झाले. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता, असे लोकपरंपरा सांगते. घाटाची खिंड ही नाक्याला आदर्श जागा होय, कारण तेथे वाटसरूला दुसरी वाट नसते.

मराठेशाहीत जकातीचे प्रकार वाढले. माल भरताना द्यावयाची ती थळभरीत, विकताना द्यावयाची ती थळमोड. शिवाय जकातीचे मक्ते दिले जात, म्हणजे नाक्यागणिक निराळा धनी. बैलांचा तांडा एका नाक्यावर मोकळा झाला की पुढच्या नाक्यावर पुन्हा उभा. या खोळंब्यातूनच हुंडेकऱ्यांचा वर्ग निर्माण झाला. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात यांची नोंद आहे. व्यापाऱ्याने हुंडेकऱ्याला एकरकमी पैसे द्यावेत, हुंडेकऱ्याने वाटेतल्या सर्व मक्तेदारांशी परस्पर हिशेब करावा आणि माल साऱ्या मुलखातून न अडता पुढे जावा, अशी ती व्यवस्था. आज मोटारीच्या काचेवर फास्टॅगची पट्टी चिकटवून आपण नाका ओलांडतो तेव्हा मला या हुंडेकऱ्यांची आठवण होते. यंत्र नवे आहे, युक्ती जुनी आहे. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हुंडेकऱ्याने नाक्यावरचा खोळंबा घालवला. वाटेवर गर्दी किती असावी याचा विचार त्याने केला नाही, आणि तशी त्याची गरजही नव्हती.

कराच्या दराने वाहतुकीचा ओघच एका वाटेवरून दुसरीकडे कसा वळतो, याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. ते या माळव्यातच घडले.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदुरात रेसिडेन्सी आली. माळव्याची अफू त्या काळी चीनच्या बाजारात जात असे आणि कंपनी सरकारच्या बंगालमधल्या मक्त्याला ती स्पर्धा करी. प्रारंभी कंपनीने माळव्याची अफू स्वतः विकत घेऊन पाहिली. ते साधले नाही. मग १८३०-३१ च्या सुमारास धोरण बदलले. माल खाजगी व्यापाऱ्यांनी न्यावा, मात्र कंपनीच्या मुलखातून मुंबईस नेण्यासाठी परवाना घ्यावा आणि सुमारे ६४ किलोच्या दर पेटीमागे १७५ रुपये भरावेत, असे ठरले. हा खऱ्या अर्थाने वाटेचा कर होता. अफू पिकवण्यावर तो नव्हता, विकण्यावरही नव्हता. अमुक वाटेने जाण्यावर होता.

व्यापाऱ्यांनी काय केले? त्यांनी दुसरी वाट धरली. माळव्यातून उत्तरेस पाली, तेथून जैसलमेरचे वाळवंट ओलांडून कराची, आणि कराचीहून गलबताने पोर्तुगीजांच्या दमण बंदरात. नकाशा पुढे ठेवून पाहा. इंदुराहून मुंबई नैर्ऋत्येस, आणि माल निघाला वायव्येस! एवढा वळसा, वाळवंटातली वाहतूक, वाटेतल्या संस्थानांची देणी, गलबताचे भाडे, हे सारे धरूनही तो १७५ रुपयांहून परवडत होता. कंपनीला हे उमगले तेव्हा तिने १८३५ साली दर १२५ रुपयांवर आणला आणि माल पुन्हा मुंबईच्या वाटेला लागला. पुढे १८४३ साली सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षी दर २०० झाला, १८४५ साली ३०० आणि १८४७ साली ४००. वाट तीच, माल तोच. पर्यायी वाट होती तोवर दर खाली राहिला. ती नाहीशी होताच तो चार वर्षांत तिपटीहून अधिक चढला.

हा व्यापार विषाचा होता आणि चीनमधील लाखो माणसांनी त्याची किंमत मोजली, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. परंतु पथकराचा अभ्यास करणाऱ्यास यातून एक धडा मिळतो. एका रस्त्यावर कर बसवला की परिणाम त्या एका रस्त्यापुरता राहत नाही, रस्त्यांच्या साऱ्या जाळ्यावर होतो. कंपनीला हे पक्के कळले होते. तिने ते ज्ञान वापरले ते तिजोरीसाठी.

देशांतर्गत जकातीचे नाके इंग्रजांनाही पुढे अडचणीचे वाटू लागले. ट्रेव्हेल्यनने त्यांच्यावर टीका करणारा अहवाल लिहिला आणि १८३६ ते १८४४ या काळात बंगाल, मुंबई व मद्रास इलाख्यांतून ती जकात क्रमाने उठली. नगरांच्या वेशीवरची जकात मात्र टिकून राहिली. मुंबईत तर ती २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हाच संपली.

करामुळे वाट मोकळी होऊ शकते, हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला केंब्रिजच्या पिगू या अर्थशास्त्रज्ञाने, १९२० साली. त्याने दोन रस्त्यांचे उदाहरण घेतले होते. मी ते माझ्या आकड्यांनी सांगतो. दोन गावांमध्ये दोन रस्ते आहेत. एक लांबचा पण प्रशस्त. त्यावर कितीही गाड्या आल्या तरी साठ मिनिटे लागतात. दुसरा जवळचा पण अरुंद. त्यावर शंभर गाड्या आल्या तर साठ मिनिटे, पन्नास आल्या तर तीस. एकूण गाड्या शंभर. प्रत्येकजण स्वतःपुरता विचार करणार, म्हणून जवळच्या रस्त्याला साठ मिनिटे लागेपर्यंत लोक त्याच रस्त्याला जात राहणार. शेवटी सगळेच तेथे, आणि सगळ्यांनाच साठ मिनिटे. लांबचा रस्ता ओस. आता जवळच्या रस्त्यावर तीस मिनिटांच्या मोलाइतका कर बसवा. पन्नास गाड्या लांबच्या रस्त्याला जातील. कोंडी फुटेल, जवळचा प्रवास तीस मिनिटांत होईल.

येथवर सारे सुंदर आहे. आता हिशेब नीट तपासा. लांबून जाणाऱ्याला साठ मिनिटे लागतात, पूर्वीही साठच लागत होती. जवळून जाणाऱ्याची तीस मिनिटे वाचली, पण तेवढ्याच मोलाचा कर त्याने भरला. म्हणजे प्रवाशांपैकी एकाचेही तिळमात्र कल्याण झाले नाही! पन्नास गाड्यांची प्रत्येकी तीस मिनिटे वाचली खरी, पण तो सगळा लाभ कराच्या पेटीत जाऊन बसला. ही पेटी कोणाच्या हाती आहे आणि ती कोणासाठी उघडते, यावर पथकर न्याय्य की अन्याय्य हे ठरते. अर्थात प्रत्यक्षात प्रत्येकाच्या वेळेचे मोल सारखे नसते; ज्याचा वेळ महाग त्याला कर भरूनही फायदा होतो आणि ज्याच्या खिशात कमी त्याला वळसा पडतो. त्यामुळे पेटीचा प्रश्न अधिकच तीव्र होतो. नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२४ साली पिगूला उत्तर दिले, की रस्ता खाजगी मालकाचा असता तर त्याने नेमका हाच कर बसवला असता. गणित म्हणून ते बरोबर आहे. पण गर्दी कमी करण्याच्या निमित्ताने पैसा मालकाच्या खिशात गेला, तर वाटसरूने त्याचे आभार कशासाठी मानावेत, हे मला कळत नाही.

हा विचार पुस्तकातून रस्त्यावर उतरला सिंगापुरात, २ जून १९७५ रोजी. सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात शहराच्या मध्यभागात मोटार न्यायची तर तीन सिंगापूर डॉलरचा दिवसाचा परवाना काचेवर लावावा लागे. चार माणसे बसलेल्या मोटारीला माफी होती, बसला माफी होती. विशेष म्हणजे वेशीवर गाडी थांबवायची नव्हती. पहारेकऱ्याने परवाना नुसता पाहायचा आणि नसेल तर क्रमांक टिपून घ्यायचा. ठरलेल्या वेळातली वाहने सुमारे ४४ टक्क्यांनी घटली. ती अपेक्षेहून अधिक घट होती. मात्र साडेनऊ वाजताच थांबून राहिलेल्या गाड्यांचा लोंढा आत शिरू लागला. तेव्हा दोन महिन्यांतच वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. मध्यभाग टाळून बाहेरून जाणाऱ्या रस्त्यांवर गर्दी वाढली. पाण्याला एका ठिकाणी बांध घातला की ते दुसरीकडे वाट शोधते; आपल्या माळव्यातल्या व्यापाऱ्यांनी हेच केले नव्हते काय? १९९८ साली तेथे विजेच्या यंत्राने, वेळेनुसार बदलता कर घेणे सुरू झाले.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी पाच पौंडांनी आरंभ केला. तेथे निव्वळ उत्पन्न वाहतुकीच्याच सुधारणेवर खर्चण्याचे कायद्याने बंधन घातले होते. सुरुवातीला कोंडी स्पष्टपणे कमी झाली, परंतु काही वर्षांतच पुन्हा वाढू लागली, आणि केवळ करावर भिस्त ठेवणाऱ्यांना तो इशारा होता.

मला सर्वांत बोलके वाटते ते स्टॉकहोमचे उदाहरण. तेथे आधी, ऑगस्ट २००५ मध्ये, १९७ नव्या बसगाड्या आणि सोळा नवे बसमार्ग सुरू केले. मग ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ एवढ्यापुरताच कर लावून पाहिला. शहराची सीमा ओलांडणारी वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली. कर थांबताच ती बव्हंशी परत आली. प्रयोगापूर्वी बहुसंख्य लोक विरोधात होते. अनुभव घेतल्यावर सप्टेंबरातल्या सार्वमतात शहराने निसटत्या बहुमताने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून तो कायम झाला. आसपासच्या ज्या नगरपालिकांनी मत घेतले तेथे मात्र बहुतेक ठिकाणी नकार आला.  आणि नवे सरकार येताच पेटीतला पैसा बसऐवजी नव्या रस्त्यांकडे वळवण्याचे ठरले. पेटीचा प्रश्न स्वीडनलाही चुकला नाही!

आपल्याकडे काय आहे? महामार्गावरचा आपला पथकर अंतरानुसार आणि वाहनाच्या जातीनुसार आकारला जातो. पहाटे तीनला आणि सकाळी दहाला दर तोच. त्याचा हेतू रस्त्याचा खर्च वसूल करणे हा आहे, रहदारीचे नियमन हा नाही. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्याने रांगा आखूड झाल्या, ही मोठीच सोय. पण ती हुंडेकऱ्याची सोय आहे, पिगूची नव्हे. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. लोकांना आनंद झाला, आणि तो मी समजू शकतो. उड्डाणपुलांच्या खर्चासाठी वर्षानुवर्षे पैसे भरूनही पुलांखाली आणि पुलांवर कोंडीच पाहिलेल्या माणसाला नाक्याविषयी प्रेम कोठून वाटणार? तरीही एक विसंगती नोंदवावीशी वाटते. सिंगापूर ज्या खाजगी मोटारीकडून पैसे घेते तिलाच येथे माफी, आणि सिंगापूरने आरंभी ज्या मालवाहू गाडीला सोडले होते ती येथे अजून भरते आहे.

आपल्या इंदुरात २०१३ साली बसगाड्यांसाठी रस्त्याच्या मधोमध राखीव मार्गिका केली गेली. ती काढून टाकण्यास २०२५ साली उच्च न्यायालयाने परवानगी दिली. मार्गिकेमुळे इतर वाहनांची कोंडी होते, अशी तक्रार होती. त्या वादात शिरण्याचा अधिकार मला नाही. पण राजवाडा आणि सराफ्याच्या भागात मोटारीवर गर्दीचा कर लावण्याचा विचार उद्या कोणी पुढे आणलाच, तर मी आधी दर विचारणार नाही. पेटीची किल्ली कोणाकडे राहणार आणि हिशेब दरवर्षी चव्हाट्यावर मांडला जाणार की नाही, हे विचारीन. मग विचारीन की नव्या बसगाड्या कर बसण्याच्या आधी येणार की मागाहून. स्टॉकहोममध्ये त्या सुमारे चार महिने आधी आल्या होत्या.