ढोरांचा डॉक्टर व्हायचे असेल तर : पांढुर्णा-सौंसरच्या विद्यार्थ्यांसाठी माहिती

बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पदवीच्या नावातील शेवटचे ए.एच. म्हणजे पशुसंवर्धन. परदेशात जनावरांचा उपचार आणि त्यांचे संगोपन हे बहुधा वेगवेगळे अभ्यासक्रम असतात. आपल्याकडे दोन्ही एकाच पदवीत शिकवतात. त्यामुळे हा डॉक्टर इंजेक्शनही देतो, चारा-दाण्याचा हिशेबही सांगतो आणि गोठ्याला वारा कुठून यावा हेही सांगतो. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात शेवटचे एक वर्ष इंटर्नशिपचे आहे.

आपल्या भागातील पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : नागपूरला मिळेल का? प्रश्न स्वाभाविक आहे. पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर, सौंसरहून त्याहूनही जवळ. शिवाय मामा, मावशी, आत्या, अर्धे गणगोत तिकडेच. परंतु जागा अंतरावर मिळत नाही, राज्यावर मिळते.

थोडा इतिहास सांगतो. जबलपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1948 साली सुरू झाले. तेव्हा आपला मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडले 1958 साली, म्हणजे सीमा आखली गेल्यावर दोन वर्षांनी. जवळचे कॉलेज परके आणि दूरचे आपले, हा प्रकार तेव्हापासूनचा.

आज जबलपूर, महू आणि रीवा येथील सरकारी महाविद्यालये नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. हे विद्यापीठ 2009 साली स्थापन झाले. त्याआधी हे शिक्षण जबलपूरच्या कृषी विद्यापीठाखाली होते. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले ते नानाजी मूळचे मराठवाड्यातील कडोळीचे, आणि त्यांचे काम चित्रकूटचे. नागपूरचे महाविद्यालय 2000 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे आहे.

प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. गणित घेणाऱ्याने जीवशास्त्रही घेतलेले असावे. नीटची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते, म्हणून आपल्याकडच्या केंद्रावर बसणाऱ्याने हिंदी किंवा इंग्रजीचीच तयारी ठेवावी. पुढे कॉलेजात शिकवणे इंग्रजीतूनच आहे.

निकालानंतर दोन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या आहेत, हे कृपया नीट लक्षात घ्यावे. मध्य प्रदेशच्या जागांसाठी राज्याचे समुपदेशन होते आणि त्याला इथला मूल निवासी दाखला लागतो. देशभरातील सरकारी महाविद्यालयांच्या 15 टक्के जागा भारतीय पशुचिकित्सा परिषद भरते. नागपूरला जाण्याची आपल्या मुलांची खरी वाट हीच. तिच्यासाठी परिषदेकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. नीटचा फॉर्म भरला म्हणजे ती आपोआप होत नाही. चांगले गुण असूनही नुसती नोंदणी राहिली म्हणून वर्ष जाते, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी एक वर्ष फार मोठे असते.

मुलाला अकरावी-बारावीसाठी नागपूरला ठेवले म्हणून तो महाराष्ट्राचा रहिवासी होत नाही. महाराष्ट्राच्या काही प्रवेशांत सीमाभागासाठी सवलत असते, पण ती कर्नाटकातील वादग्रस्त गावांपुरती आहे, आपल्यासाठी नाही. जातीचा दाखलाही एका राज्याचा दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. आडनाव, बोली आणि सोयरीक तिकडची असली तरी कागद इकडचाच.

आता पैशाचे. आयुष्य बँकेत गेल्यामुळे एवढे सांगण्याचा अधिकार समजतो. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत 4 लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत मालमत्ता तारण लागत नाही. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. म्हणून मंजुरीपत्रात कालावधी साडेपाच वर्षे लिहिला आहे ना, इंटर्नशिप धरली आहे ना, हे सही करण्यापूर्वी वाचा. साडेचार वर्षे धरली गेली तर मुलगी अजून गोठ्यात हातमोजे घालून उभी असते आणि घरी हप्त्याची नोटीस येते. शिकत असताना जमेल तेवढे व्याज भरत राहिल्यास पुढचा बोजा बराच हलका होतो. जुन्या करपद्धतीत 80-ई कलमाखाली व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि पशुधन व्यवस्थापन असते. हाडे पाठ करण्यात मुले थकतात, कारण माणसाच्या डॉक्टरला एक सांगाडा, इथे गाय, घोडा, कुत्रा, कोंबडी सगळे. पुढे रोगनिदान, औषधे, शल्यचिकित्सा, प्रजनन. मुलींना हे जड जाईल असे अजून काही घरांत म्हणतात. अडलेल्या गाईच्या पोटातून वासरू फिरवून काढायला ताकदीपेक्षा हाताची समज लागते, आणि मुली हे शिकतात.

पदवीनंतर राज्य पशुचिकित्सा परिषदेत नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. सरकारी पद पशु चिकित्सा सहायक शल्यज्ञ हे असून त्याची भरती राज्य लोकसेवा आयोग करतो. 1962 या क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पशुचिकित्सा गाड्यांवरही डॉक्टर लागतात. ज्यांना पदवी जमत नाही त्यांच्यासाठी विद्यापीठाची दोन वर्षांची पशुपालन पदविका आहे. तिची प्रवेशपद्धत वेगळी आहे आणि तिच्यावरून सहायक पशु चिकित्सा क्षेत्र अधिकारी होता येते.

आपल्या भागात या डॉक्टरची गरज किती, ते बँकेच्या खिडकीतून चांगले दिसते. म्हैस घ्यायला कर्ज काढले की विमा आला. विम्याला कानातला बिल्ला आणि डॉक्टरचा आरोग्य दाखला लागतो, आणि जनावर मेले तर पुन्हा डॉक्टरचाच दाखला. डॉक्टर वेळेत आला नाही तर म्हैसही जाते आणि दावाही जातो, हप्ता तेवढा राहतो. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गावोगाव लोक लस टोचणाऱ्याची वाट पाहत होते. शिवाय वर्धा-नागपूरपासून छिंदवाडा-शिवनीपर्यंतची गवळाऊ ही आपलीच जात, पांढरी, चपळ, ओढकामाला पक्की. ट्रॅक्टर आल्यापासून तिला विचारणारे कमी झाले. तिची निवड आणि पैदास नीट करायची तर ती इथल्या गोठ्यात वाढलेल्या आणि "ढोर कालपासून रवंथ करत नाही" हे वाक्य दुभाष्याविना समजणाऱ्या माणसाला जास्त सोपी जाईल.

मूल निवासी, जात आणि उत्पन्नाचे दाखले बारावीच्या दिवाळीपर्यंत काढून ठेवावेत. निकालाच्या दिवसांत तहसील कार्यालयात काय गर्दी असते हे सर्वांना माहीत आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून दोन्ही समुपदेशनांची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. कोचिंगवाल्याच्या तोंडी सांगण्यावर राहू नये.