सहा मरणांचा क्रम

जॉन मिलियसचा ‘डिलिंजर’ (१९७३) हा चित्रपट हिंसाचारासाठी गाजला. बँका, टॉमी गन, काचांचा चुरा, रस्त्यावर पडलेली माणसे, सगळे त्यात भरपूर आहे. पण इतिहासाच्या अंगाने पाहिले, तर त्यातली मोठी मोडतोड गोळीबाराने झालेली नाही. ती तारखांची आहे.

चित्रपटात चार्ल्स मॅकली, हॅरी पियरपॉन्ट, होमर व्हॅन मीटर, ‘बेबी फेस’ नेल्सन आणि ‘प्रिटी बॉय’ फ्लॉइड हे दरोडेखोर आधी संपतात आणि शेवटी उरतो जॉन डिलिंजर. शिकागोच्या बायोग्राफ चित्रपटगृहाबाहेर तो पडला, की मेल्विन पर्विस या केंद्र सरकारच्या तपास विभागातल्या अधिकाऱ्याची मोहीम फत्ते होते. पोलीस, तुरुंग आणि न्यायालये यांच्या नोंदी तारखेनुसार लावल्या, तर क्रम उलटा निघतो. डिलिंजर मेला २२ जुलै १९३४ रोजी, म्हणजे या सहांत सर्वांत आधी. व्हॅन मीटरला २३ ऑगस्टला सेंट पॉलच्या पोलिसांनी मारले. मॅकली २२ सप्टेंबरला ओहायोच्या तुरुंगातून पळण्याच्या प्रयत्नात पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी मेला. त्या प्रयत्नात त्याच्या आणि पियरपॉन्टच्या हातांत साबणाची कोरलेली नकली पिस्तुले होती. जखमी पियरपॉन्टला १७ ऑक्टोबरला विजेच्या खुर्चीत बसवण्यात आले. फ्लॉइड २२ ऑक्टोबरला ओहायोतल्या ईस्ट लिव्हरपूलजवळच्या शेतात पडला आणि नेल्सन २७ नोव्हेंबरला इलिनॉयमधल्या बॅरिंग्टनच्या चकमकीनंतर.

डिलिंजरखेरीजच्या या पाच मरणांपैकी पर्विस प्रत्यक्ष हजर होता तो एकाच वेळी, फ्लॉइडच्या. व्हॅन मीटरचा शेवट स्थानिक पोलिसांच्या खाती जमा आहे, मॅकली आणि पियरपॉन्टचा ओहायो राज्याच्या तुरुंगाच्या. बॅरिंग्टनला नेल्सनशी लढले ते पर्विसच्याच विभागातले सॅम्युअल काउली आणि हर्मन हॉलिस, आणि दोघेही त्यात मेले. हा हॉलिस म्हणजे बायोग्राफबाहेर डिलिंजरवर गोळ्या झाडणाऱ्या तिघांतला एक. उरलेले दोघे चार्ल्स विन्स्टेड आणि क्लॅरेन्स हर्ट. डिलिंजरचा जीव पर्विसच्या गोळीने गेला नाही.

मग पडद्यावरचा सूडकरी पर्विस आला कुठून? काही अंशी कागदांतूनच. चित्रपटातला पर्विस प्रत्येक शिकार साधल्यावर सिगार पेटवतो. त्या रात्री बायोग्राफच्या दारात पर्विसने सिगार पेटवला, ही गोष्ट खरी आहे. पण तो विजयाचा सिगार नव्हता, आपल्या माणसांना करायची खूण होती. डिलिंजर बाहेर आला हे कळावे म्हणून आधी ठरवून ठेवलेली, आणि गर्दीत सगळ्यांना न दिसलेली. कामकाजातली एक तजवीज मिलियसने उचलली आणि तिचे व्रत केले. बखरकार असेच करतो: प्रसंग खरा घेतो, हेतू आपला घालतो.

सूडाचे मूळ चित्रपट कॅन्सस सिटीच्या हत्याकांडात दाखवतो. १७ जून १९३३ रोजी तिथल्या युनियन स्टेशनबाहेर फ्रँक नॅश या कैद्याला नेत असताना गोळीबार झाला. चार कायदारक्षक आणि खुद्द नॅश ठार झाले. त्या घटनेने वॉशिंग्टन हादरले यात शंका नाही. पण तिचा परिणाम कुणा एकाच्या सूडात शोधण्यापेक्षा कायद्याच्या पुस्तकात शोधावा. बँक लुटणे हा तोवर केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हाच नव्हता, तो राज्याच्या अखत्यारीतला मामला होता. डिलिंजर ३ मार्च १९३४ रोजी क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून लाकडी पिस्तुलाच्या धाकावर निसटला आणि शेरीफ लिलियन हॉली यांची फोर्ड गाडी घेऊन इंडियानाची हद्द ओलांडून इलिनॉयमध्ये शिरला. चोरीची गाडी राज्याबाहेर नेण्याविरुद्ध १९१९ चा कायदा होता. केंद्राच्या हाती त्याच्यावर पहिले ठोस कलम आले ते हे. बँकदरोडा केंद्राच्या कायद्यात आला १८ मे १९३४ ला, आणि तपास विभागाच्या माणसांना शस्त्र बाळगण्याचा व अटक करण्याचा सरसकट अधिकार कायद्याने मिळाला १८ जूनला. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत डिलिंजर मेला. म्हणजे पाठलागाचे हत्यार पाठलाग चालू असतानाच घडवले जात होते.

लिटल बोहेमियाचा प्रसंगही असाच तपासावा. चित्रपटात ती घनघोर लढाई आहे आणि फ्लॉइडही तिथे टोळीसोबत दिसतो. प्रत्यक्षात २२ एप्रिल १९३४ च्या रात्री विस्कॉन्सिनमधल्या त्या लॉजवर टोळीतला एकही दरोडेखोर सापडला नाही. सगळे मागल्या बाजूने निसटले. पियरपॉन्ट आणि मॅकली तर जानेवारीत टूसॉनला पकडले गेले होते आणि तेव्हा ओहायोत मृत्युदंडाची शिक्षा झालेले कैदी होते. सरकारी गोळ्यांनी गाडीतून निघालेला एक निरपराध कामगार मेला, त्याचे दोन सोबती जखमी झाले, आणि नेल्सनने कार्टर बॉम या अधिकाऱ्याला मारले. या नामुष्कीनंतर, जूनमध्ये, विभागाचा प्रमुख जे. एडगर हूवर याने डिलिंजरचा तपास काउलीकडे सोपवला. पर्विस शिकागो कार्यालयाचा प्रमुख राहिला, पण या प्रकरणापुरता सूत्रधार बदलला.

वयांचा घोळही इथेच नोंदवावा. डिलिंजर आणि पर्विस दोघेही १९०३ चे. एक एकतिसाव्या वर्षी मेला, दुसरा तेव्हा तिशीचा होता. पडद्यावर डिलिंजर झालेला वॉरन ओट्स पंचेचाळिशीला टेकलेला आणि पर्विस झालेला बेन जॉन्सन पंचावन्नच्या घरातला. त्यामुळे दोन तरुणांची गोष्ट दोन मुरलेल्या गड्यांची होते, आणि जॉन्सनच्या जोडीने तिच्यात वेस्टर्नपटांची सगळी परंपरा शिरते.

मात्र कागद सोज्वळ आणि चित्रपट तेवढा लबाड, असा निवाडा करता येत नाही. डिलिंजर प्रकरणाची सरकारी फाइल आज खुली आहे, पण ती ज्या विभागाने लिहिली त्याला स्वतःची प्रतिमा उभी करायची होती. पर्विसला मिळालेली प्रसिद्धी हूवरला खुपू लागली, आणि १९३५ मध्ये पर्विसने राजीनामा दिला. त्याच वर्षी विभागाला एफबीआय हे नाव मिळाले. तेव्हा पर्विसच्या वाट्याचे श्रेय ठरवताना फाइलमधल्या मौनावरही विसंबून चालत नाही. स्थानिक पोलीस, तुरुंग आणि न्यायालये यांच्या स्वतंत्र नोंदींशी ती ताडून पाहावी लागते. वर दिलेला क्रम टिकतो तो याच कारणाने, कारण सहांपैकी तीन मरणे ज्यांच्या दप्तरात आहेत, त्या सेंट पॉल आणि ओहायोच्या यंत्रणांना हूवर-पर्विस वादाशी काही देणेघेणे नव्हते.

चित्रपटाच्या शेवटी हूवरच्या नावाने एक निवेदन ऐकू येते: अशा गुन्हेगारांचे हॉलिवूडने केलेले उदात्तीकरण आपल्याला मान्य नाही. हूवर १९७२ मध्येच वारला होता. आवाज पॉल फ्रीस या नटाचा आहे. मिलियसने हे निवेदन गंमत म्हणून ठेवले असो वा ढाल म्हणून, त्यातला आक्षेप नेमका चुकतो. या चित्रपटाने डिलिंजरला जेवढे मोठे केले, त्याहून अधिक मोठे पर्विसला केले, आणि हूवरला हयातभर तीच गोष्ट नको होती. त्यासाठी डिलिंजरचे मरण शेवटी नेणे भाग होते. तारखांचा क्रम राखला असता, तर बायोग्राफनंतर आणखी चार महिने गोष्ट चालू ठेवावी लागली असती, आणि बॅरिंग्टनच्या शेवटच्या चकमकीत नायकच जागेवर नसता.